मशरूम बेट नेमकं सापडतं कुठं? भाच्यासाठी शोधतोय (माइनक्राफ्ट, बेडरॉक)

भाच्याचा_मामा | शनिवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

मी नाशकात, बहीण पुण्यात, तिचा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. दर रविवारी दुपारी आम्ही दोघं माइनक्राफ्ट खेळतो, बेडरॉक (टॅब-मोबाइलवर पण चालते ती आवृत्ती), तो टॅबवर आणि मी लॅपटॉपवर, वर्ल्ड माझ्याकडचं, तो जॉइन होतो आणि फोन स्पीकरवर ठेवलेला असतो. त्याने गव्हाचं शेत केलंय, कोंबड्या पाळल्यात, पुस्तकांची एक खोली बांधलीये. सगळं छान चालतं, फक्त अंधार पडायला लागला की त्याचा आवाज बदलतो. मामा झोपूया का, मामा झोपूया का. एकदा मी खाणीत होतो, म्हणलं दोन मिनिटं थांब रे येतोच, तेवढ्यात क्रीपरने (जवळ येऊन फुटणारा राक्षस) त्याच्या पुस्तकांच्या खोलीची मागची भिंत उडवली. तो काही बोललाच नाही. फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता.

पीसफुल (राक्षसच नसतात तो मोड) करून बघितलं. त्याला पटलं नाही, कारण मग भूकच लागत नाही आणि मामा मी एवढा गहू लावलाय तो कशाला. बरोबर आहे त्याचं.

मग शाळेतल्या कुणीतरी त्याला सांगितलं की असं एक बेट असतं जिथे रात्रीसुद्धा कोणी येत नाही, जमीन जांभळी असते आणि गाईंच्या पाठीवर मशरूम उगवलेले असतात. तेव्हापासून दुसरं काही नाही. चार रविवार झाले, किनाऱ्याकिनाऱ्याने होडी घालून फिरतोय, जंगल मिळालं, बॅडलँड्स मिळालं, ते बर्फाचे सुळके असतात ते पण मिळाले, हे मात्र नाही. कमांड लावायची नाही अशी त्याने मला शपथ घातलीये. तर विचारायचं एवढंच की हे नुसतं नशीब आहे का शोधायची काही रीत आहे?

रेडस्टोनवाला | शनिवार, रात्री ११:४१

मामा चीट्स ऑन करा, लोकेट बायोम (बायोम म्हणजे जंगल, वाळवंट असा प्रदेश) कमांड टाका, मशरूम फील्ड्स, म्हणजे हेच बेट, निवडा, झालं. दहा सेकंदांत आकडे हातात, चार रविवार कशाला घालवायचे. अचिव्हमेंट बंद पडतील ही भीती असेल तर वर्ल्डची कॉपी काढा, कमांड कॉपीत चालवा, आकडे कागदावर लिहून घ्या, मूळ वर्ल्डला हातही लागत नाही. जावामध्ये (कॉम्प्युटरवरची दुसरी आवृत्ती) ती कमांड ६४०० ब्लॉकच्या आतच शोधते, त्यात नसेल तर पुढे जाऊन परत टाकायची.

भाच्याचा_मामा | शनिवार, रात्री ११:४८

दादा मला माहितीये कमांडचं, आणि खरं सांगतो एकदा रात्री एकटा बसलो असताना हात गेला पण होता तिकडे. पण त्याला शब्द दिलाय. तो मला विचारणार, मामा तू बघितलं नाहीस ना, आणि मला खोटं बोलायचं नाहीये.

पिकॅक्सताई | शनिवार, रात्री ११:५५

हे वाचून फार बरं वाटलं. माझी दोन्ही मुलं खेळतात, त्यातला धाकटा असाच आहे, आयतं मिळालं की त्याला ते आपलं वाटत नाही. शोधा तुम्ही, कमांड नका लावू. मलाही उत्तर हवंय म्हणून इथेच थांबते.

खोलपाणी | रविवार, सकाळी ८:१०

मामा, रीत आहे. आणि तुम्ही शोधताय ती जागाच उलटी आहे. किनाऱ्याने फिरत राहिलात तर चाळीस रविवार गेले तरी मिळणार नाही. जरा सविस्तर लिहितो कारण हे एकदा डोक्यात बसलं की परत कुणाला विचारावं लागत नाही.

१.१८ व्हर्जन आलं ३० नोव्हेंबर २०२१ ला, तेव्हापासून जग बनवायची पद्धतच बदलली. गेम आता नकाशावरच्या प्रत्येक जागेसाठी काही आकडे काढतो, तापमान किती, दमटपणा किती, जमिनीची झीज किती आणि असे अजून काही. त्यातला आपल्या कामाचा एकच, काँटिनेंटलनेस. म्हणजे ही जागा जमिनीच्या किती आत आहे किंवा समुद्रात किती बाहेर आहे ते. किनारा असतो साधारण उणे ०.१९ ते उणे ०.११ मध्ये. तिथून खाली उणे ०.४५५ पर्यंत साधा समुद्र. उणे ०.४५५ ते उणे १.०५ खोल समुद्र. आणि उणे १.०५ च्याही खाली आकडा गेला की मशरूम फील्ड्स, दुसरं काहीच नाही.

म्हणजे बघा, सगळ्या जमिनींपासून जी जागा सगळ्यात लांब, तिथे हे बेट. आकडा एवढा खाली क्वचितच जातो म्हणून ते दुर्मिळ. आणि बाकी कुठल्याच आकड्याशी त्याला देणंघेणं नाही, थंड असो गरम असो. वाळवंट हवं तर गरम भाग शोधा, जंगल हवं तर गरम आणि दमट शोधा, असं सगळ्या बायोमचं असतं, याचं तसं नाही. बर्फाळ समुद्राच्या मधोमध पण असतं आणि कोरलवाल्या गरम समुद्राच्या मधोमध पण असतं. पाण्यात कोरल दिसले म्हणून मागे फिरू नका.

जावावर एकटे खेळत असाल तर एफ३ दाबल्यावर जो मजकूर येतो त्यात नॉइज राउटर म्हणून ओळ असते, त्यातला सी म्हणजे हाच आकडा. होडी हाकता हाकता तो बघायचा, खाली जातोय तिकडे जायचं, वर चढायला लागला की वळायचं. लहानपणी थंड-गरम खेळायचो ना लपवलेली वस्तू शोधताना, तसंच. पण बेडरॉकवर हे दिसत नाही, तिथे डोळ्यांनीच बघावं लागतं. ते संध्याकाळी लिहितो, आत्ता बाहेर निघालोय.

जुनाखेळाडू | रविवार, सकाळी ९:३५

खोलपाणींनी एकदम मुद्द्याचं लिहिलंय. त्यात जुनी भर घालतो. हे बेट गेममध्ये २०११ च्या नोव्हेंबरमध्ये १.० बरोबर आलं, तेव्हा नावच मशरूम आयलंड होतं, १.१३ ला मशरूम फील्ड्स केलं. जुन्या पद्धतीत समुद्राच्या एका चौकोनाला चारी बाजूंनी समुद्रच असेल तर शंभरात एक वेळा तिथे बेट पडायचं, म्हणजे अक्षरशः फासे टाकल्यासारखं होतं. कधी ते मुख्य जमिनीला चिकटलेलं पण मिळायचं. त्यामुळे नेटवर जे जुने व्हिडिओ आहेत ना, नुसतं फिरत राहा कुठेही मिळेल म्हणणारे, ते त्यांच्या काळात खोटं बोलत नव्हते, आता ते लागू नाही एवढंच. मामांचा वेळ त्यातच गेला असणार.

बाय द वे तेव्हा सगळ्यात दुर्मिळ मानायचे ते मॉडिफाइड जंगल एज. ते १.१८ ला काढूनच टाकलं.

भाच्याचा_मामा | रविवार, दुपारी १२:०५

अगदी बरोबर, त्याच व्हिडिओंवर विसंबून होतो. खोलपाणी साहेब फार आभार, संध्याकाळची वाट बघतोय. तीन वाजता भाचा येईल, आज त्याला एवढंच सांगतो की जमिनीकडे पाठ करायची.

खोलपाणी | रविवार, संध्याकाळी ७:२०

साहेब वगैरे नका म्हणू. तर बेडरॉक.

पहिलं काम, सेटिंगमध्ये कोऑर्डिनेट्स दिसू द्या, त्याने अचिव्हमेंटला काही होत नाही आणि ती चीटिंग पण नाही, खलाशाकडे होकायंत्र असतंच. दुसरं, नकाशे करा. साधा नकाशा १२८ बाय १२८ ब्लॉकचा असतो, कार्टोग्राफी टेबलवर एकेक करून चार कागद लावले की तो २०४८ बाय २०४८ चा होतो. असे चार करा आणि भिंतीवर फ्रेममध्ये दोन खाली दोन वर लावा. तुम्ही चार रविवार फिरलाय म्हणजे बरीच किनारपट्टी कळलेली असणार, ती रंगली की निळा भाग सगळ्यात मोठा कुठे आहे ते आपोआप दिसतं. तिकडे जायचं, सरळ, किनाऱ्याला काटकोनात.

होडी पाण्यावर सेकंदाला आठ ब्लॉक जाते, म्हणजे २००० ब्लॉक चार मिनिटांत. वेळ जातो तो चुकीच्या दिशेत. टॅबवर रेंडर डिस्टन्स १० चंक असेल तर दोन्ही बाजूंना १६० ब्लॉकच दिसणार, नकाशावर पण आपण गेलो त्याच्या आजूबाजूचंच रंगतं. मग जाताना एक रेघ आणि परत येताना तिच्यापासून तीनशे ब्लॉक सरकून दुसरी रेघ, शेत नांगरल्यासारखं. एकाच रेघेने जाऊन त्याच रेघेने परत आलात तर अर्धा वेळ फुकट.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाण्याखाली बघत राहा. खोल समुद्रात तळ तीस-तीस ब्लॉक खाली असतो, वरून नुसता काळोख दिसतो. पाण्यातलं ते दगडी देऊळ, ओशन मॉन्युमेंट, ते फक्त खोल समुद्रातच बनतं, दिसलं की समजा रस्ता बरोबर आहे, पण लांबून जा, तिथल्या राखणदाराने, एल्डर गार्डियनने, एकदा पकडलं की फावडं-कुदळ काही चालत नाही. आणि आकडा उणे १.०२ च्या खाली गेला की तळ परत वर चढायला लागतो, कारण बेट तिथून उचललेलं असतं. म्हणजे आजूबाजूला किनाऱ्याचा पत्ता नाही आणि मधेच पाणी उथळ व्हायला लागलं तर होडी थांबवा आणि चारी दिशांना बघा.

रानभाजी | रविवार, रात्री ९:००

मी हा गेम खेळत नाही, मुलगी खेळते, तिने धागा दाखवला. एक सांगावंसं वाटलं. आमच्या रत्नागिरीकडे पावसात वारुळावर अळंबी येते, रानातली, विकतची नव्हे. माझी आजी पहाटे एकटी जायची आणि पदरात घेऊन यायची. जागा तिने माझ्या आईलाही सांगितली नव्हती, म्हणायची ज्याची त्याने शोधायची. वर्षानुवर्षं त्याच वारुळावर यायची कारण ती अळंबी वाळव्यांच्या जिवावरच वाढते. जागा ठरलेलीच असते, फक्त ती ओळखणारा डोळा लागतो. तुमचं बेट वाचून तीच आठवली.

भाच्याचा_मामा | सोमवार, सकाळी ७:१५

काल नाही मिळालं, आणि झालं ते वाईटच झालं, लिहितो.

नकाशे करायला वेळ नव्हता म्हणून नुसतेच जमिनीकडे पाठ करून पश्चिमेला निघालो, एकाच होडीत दोघं, तो पुढे. तीन हजार ब्लॉक गेलो. काळं पाणी लागलं, त्याला खूप आनंद झाला, मामा काळोख आला म्हणजे बरोबर ना. आणि तिथे रात्र झाली. झोपायला जमीनच नाही. आम्ही चालत राहिलो आणि खालून ड्राउन्ड (पाण्यातले झॉम्बी) आले, त्यातल्या एकाकडे त्रिशूळ होता. होडी फुटली, दोघं पाण्यात, त्याला पोहत वर येईपर्यंत अजून एक त्रिशूळ लागला आणि गेला. घरच्या पलंगावर जाऊन उभा राहिला, तीन हजार ब्लॉक मागे.

त्याचं सामान पाण्यावर तरंगायला लागलं. मी दुसरी होडी टाकून अंधारात एकेक गोळा केलं, त्याचा पलंग, अठरा पाव, कात्री, आणि एक लाकडी वाटी. वाटी कशाला रे घेतली होतीस विचारलं तर म्हणाला त्या गाईंचं सूप प्यायला. मी सगळं परत नेऊन दिलं. पण काल त्याने मामा पुढच्या रविवारी कुठे जायचं असं विचारलं नाही, पहिल्यांदाच.

पिकॅक्सताई | सोमवार, सकाळी ८:०२

अरेरे. वाटी वाचून पोटात तुटलं हो.

मामा एक करा, या वेळी नकाशे त्याच्याकडून करून घ्या. आठवडाभर रोज पंधरा मिनिटं, भिंतीवर लावायचे. माझ्या धाकट्याला एकदा नेदरची (गेममधलं पाताळ) अशीच धास्ती बसली होती, तेव्हा रस्त्याचा नकाशा त्याने स्वतः काढला आणि मग तोच पुढे चालायला लागला. आणि उजाडल्यावर निघा, एक दिवस वीस मिनिटांचा असतो, त्यातले उजेडाचे दहाच धरा.

खोलपाणी | सोमवार, सकाळी ८:४०

चूक माझीही आहे, रात्रीचं लिहायला हवं होतं. उजेडाची दहा मिनिटं म्हणजे होडीने ४८०० ब्लॉक. चार मिनिटं झाली की डोळे उघडे ठेवून विसाव्याची जागा बघायची, समुद्रात लहान खडक असतात, थंड बाजूला हिमनग असतात, तिथे दोन पलंग टाकून झोपायचं. पलंगावर झोपलात की परत जन्म तिथेच होतो, एवढं अंतर वाया जात नाही, आणि जी भीती बसलीये ना त्याच्या मनात, परत सगळं पहिल्यापासून, ती निम्मी तिथेच जाते. निघताना होड्या चार घ्या.

रेडस्टोनवाला | सोमवार, दुपारी १:१०

मामा मी पहिल्यांदा कमांडचं बोललो ते मागे घेतो. वाटीचं वाचल्यावर वाटलं हे चालतच जायला पाहिजे. बेट मिळाल्यावर येण्याजाण्याची सोय मात्र माझ्याकडून घ्या. तिथे नेदर पोर्टल करा, नेदरमधला एक ब्लॉक म्हणजे वरचे आठ, चार हजारांचं अंतर पाचशेवर येतं. फक्त पोर्टल घराला चिकटून नको, त्यातून झॉम्बी पिग्लिन बाहेर पडतात, पोरगं घाबरेल.

चांदणवेल | मंगळवार, रात्री १०:३०

मी जावावर खेळते, एकटीच, २०२२ पासून एकच वर्ल्ड आहे. दोन वर्षं हे बेट शोधलं आणि मग सोडून दिलं, मला वाटायचं माझ्या सीडमध्ये (ज्या आकड्यावरून जग बनतं तो) नसेलच. तो सी आकडा मला माहीतच नव्हता, एफ३ रोज उघडते पण त्या ओळीकडे कधी बघितलंच नाही. हा धागा वाचल्यावर परत होडी काढली.

एक शंका, तिथे खरंच कुठलाच राक्षस येत नाही का? खाली गुहेत पण?

जुनाखेळाडू | मंगळवार, रात्री ११:०५

गुहेत पण नाही, अंधारात पण नाही, रात्री पण नाही. त्या बायोममध्ये आपोआप जन्माला येणारा शत्रूच ठेवलेला नाही. पण अपवाद सांगतो म्हणजे मामांना नंतर धक्का नको. खाली पिंजरा असेल, म्हणजे स्पॉनर, तर तो आपलं काम करतोच. आणि भोवतीचा समुद्र हा मशरूम नाही, त्यामुळे तिथले ड्राउन्ड रात्री किनाऱ्यावर चढू शकतात. घर बेटाच्या मधे बांधा, पाण्याच्या काठाला नको.

अजून एक मनापासून. तिथली जमीन, मायसेलियम, नुसती फावड्याने खणली तर साधी माती हातात येते, मायसेलियम हवं तर सिल्क टच ही जादू असलेलं अवजार लागतं. हर्मिटक्राफ्ट या यूट्यूबरांच्या सर्व्हरच्या सातव्या सीझनमध्ये बाजारपेठ मशरूम बेटावरच होती, तिथे मायसेलियम काढून गवत लावायला घेतलं तेव्हा एका गटाने ते परत पसरवायची मोहीमच उघडली होती. मी त्याच गटाचा माणूस. एवढं लांब जाऊन तिथे गवत लावू नका.

पिकॅक्सताई | बुधवार, सकाळी ७:५०

आणि न्यायचं काय ते सांगते कारण आमचं हे चुकलं होतं. बेटावर झाड नाही आणि गवताचं पातं नाही, म्हणजे लाकूड नाही आणि गव्हाचं बी पण मिळणार नाही. रोपटी न्या, बी न्या, लाकूड भरपूर न्या. मायसेलियमवर खुरपं चालत नाही, वरचा थर खणून माती टाकायची मग तिथे गहू लावायचा, रोपटं मात्र मायसेलियमवर सरळ लागतं. गहू लागतोच कारण त्या गाईंची पिल्लं गव्हावर होतात. वाटी घेऊन गाईवर लावली की मशरूमचं सूप मिळतं, कितीही वेळा, ते संपत नाही, एका वाटीने तीन तंगड्या भूक भागते.

कात्री मात्र जपून, प्लीज. कात्री लावली की पाच मशरूम पडतात आणि गाय साधी गाय होऊन जाते, परत मशरूमवाली होत नाही. माझ्या मोठ्याने दोनच होत्या त्या दोन्ही कातरल्या आणि रात्रभर जेवला नाही.

भाच्याचा_मामा | शुक्रवार, रात्री १०:१५

सगळ्यांचं वाचून दाखवलं त्याला फोनवर. कात्री त्याने पेटीत ठेवून दिली.

नकाशे झाले. चारही त्याने केले, रोज शाळेतून आल्यावर. भिंतीवर लावलेत, आणि त्यातल्या डावीकडच्या वरच्या नकाशात उजव्या कडेला जरासा किनारा आहे, बाकी सगळं कोरं आणि निळं. त्याचं म्हणणं इथे. माझंही तेच.

भाच्याचा_मामा | रविवार, रात्री ८:३०

मिळालं.

हात अजून थरथरतोय, नीट लिहायचा प्रयत्न करतो. सकाळ उजाडल्या उजाडल्या निघालो, या वेळी होड्या दोन, तो पुढे आणि मी मागे, कारण तो म्हणाला मला हाकायचीये. बाविसशे ब्लॉकला एक खडक लागला, चार पावलांचा, तिथे पलंग टाकून झोपलो, सकाळी परत निघालो. काळं पाणी सुरू झालं. डावीकडे लांब ते पाण्यातलं देऊळ दिसलं आणि त्याने स्वतःच होडी उजवीकडे घेतली, मला सांगावं लागलं नाही. मग बराच वेळ काहीच नाही. मी मनात म्हणत होतो की आज नाही मिळालं तर याला काय सांगू.

पाच हजारच्या आसपास तो म्हणाला मामा खाली वाळू दिसतीये. मी बघितलं तर खरंच, इतका वेळ काळोख होता आणि आता तळ दिसत होता, एकेक पायरी वर येत असल्यासारखा. मी म्हणलं थांब, होडी थांबव. तो थांबलाच नाही. आणि धुक्यातनं आधी एक लाल घुमट वर आला, पांढऱ्या ठिपक्यांचा, घराएवढा, मग त्याच्या शेजारी तपकिरी, सपाट, छत्रीसारखा. जमीन जांभळी म्हणतात पण जवळून ती राखाडी आणि जांभळी अशी मिसळलेली आहे, आणि तिच्यावरून बारीक कण सतत वर तरंगत असतात, धूळ उडावी तसे. नकाशात मात्र स्वच्छ जांभळा ठिपका पडला. गाई सहा आहेत.

तो काही बोललाच नाही. परत तोच श्वास ऐकू येत होता फोनवर, पण या वेळी मला भीती वाटली नाही. मग वाटी काढली आणि सरळ पहिल्या गाईकडे गेला.

रात्र झाली तेव्हा मी सवयीने पलंग काढला. तो म्हणाला नको मामा, बघूया. आम्ही बेटाच्या मधे उभे राहिलो, मशालसुद्धा लावली नाही. चंद्र वर आला. गाई मधून मधून हंबरत होत्या. सात मिनिटं उभे होतो, पहाटेपर्यंत, आणि कोणी आलं नाही. उजाडल्यावर तो म्हणाला मामा पुस्तकांची खोली इथे बांधायची आणि तिला भिंतच नको, नुसतं छप्पर.

पिकॅक्सताई | रविवार, रात्री ८:४१

डोळ्यात पाणी आलं. नुसतं छप्पर!! शाब्बास त्याची.

खोलपाणी | रविवार, रात्री ९:०५

मामा अभिनंदन, आणि त्याचं खास अभिनंदन, तळ त्याने ओळखला. आता एक काम राहिलंय त्याच्यासाठी. त्या लाल गाईवर वीज पडली की ती तपकिरी होते. चॅनेलिंगवाला त्रिशूळ असेल तर वादळात स्वतःच पाडता येते. नाहीतर पिल्लं काढत राहा, दोन लाल गाईंच्या पोटी तपकिरी पिल्लू १०२४ मध्ये एखादं होतं. तपकिरी गाईला फूल खाऊ घालून वाटी लावली की वेगळं सूप मिळतं, कुठलं फूल त्यावर त्याचा गुण ठरतो.

रेडस्टोनवाला | रविवार, रात्री ९:३०

जबरदस्त!! मामा सीड द्या की आता, आमची मुलं पण जातील. १.१८ नंतर जावा आणि बेडरॉकचं जग एकाच सीडला सारखंच असतं, गावं आणि देवळं इकडे तिकडे होतात पण बेट तिथेच मिळेल.

भाच्याचा_मामा | रविवार, रात्री ९:५२

दादा विचारलं त्याला. त्याला रानभाजी ताईंच्या आजींची गोष्ट सांगितली होती, ती त्याच्या लक्षात आहे. नाही म्हणाला. कसं शोधायचं ते सगळ्यांना सांग म्हणाला, जागा नको.

रानभाजी | रविवार, रात्री १०:१०

आजी खूश झाली असती हो.

चांदणवेल | सोमवार, रात्री १:१२

कुणी जागं आहे का? मी तीन तास होडीत आहे. आकडा आधी उणे ०.८ वरच अडकला होता, दोनदा वर गेला, दोनदा वळले, मग उत्तरेला घेतली आणि खाली यायला लागला. हिमनगांच्या मधून चाललीये. आत्ता उणे १.०३ आहे.

भाच्याचा_मामा | सोमवार, रात्री १:१४

मी जागा आहे ताई. तळ बघा, वर येतोय का?

चांदणवेल | सोमवार, रात्री १:१५

येतोय.